मोज्यातली सुरी, कमरेचा खंजीर: हायलँड पोशाखात काय, कुठे आणि कसं खोचायचं

मी पहिल्यांदा किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातल्या पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, नेसलो ते ग्लासगोत, एका मित्राच्या लग्नात. सगळं भाड्याचं होतं, अगदी मोज्यांपासून. जेवणं उरकली, 'केली'चा, म्हणजे स्कॉटिश मैफलीचा, नाच सुरू झाला आणि 'स्ट्रिप द विलो' या समूहनृत्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या गिरकीला माझ्या मोज्यातून काहीतरी सटकून लाकडी जमिनीवर खळ्ळकन आपटलं. "अरे, सुरी पडली तुझी!" सोबतचा नागपूरचा मित्र ओरडला. मी घाबरून उचलायला वाकलो आणि पाहतो तर मूठ नि म्यान मिळून प्लास्टिकचा एकच तुकडा. पातं नव्हतंच. आठ तास मी ऐटीत एक खेळणं मिरवत होतो, आणि तेही चुकीच्या जागी खोचलेलं.

आता दरवर्षी इथे स्कॉटलंडमध्ये शिकायला आलेली चार-दोन मराठी मुलं पदवीदानासाठी, नाहीतर स्कॉटिश मित्राच्या लग्नासाठी किल्ट भाड्याने घेतात आणि आदल्या रात्री फोन करतात, "ती सुरी कुठे लावायची?" त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आधी ओळख करून घ्या

हायलँड पोशाखात दोन शस्त्रं येतात. कमरेच्या पट्ट्याला लटकतो तो लांब खंजीर म्हणजे 'डर्क'. मोज्यात खोचतात ती छोटी सुरी म्हणजे 'स्कीअन दू'. दुकानात तिचं गेलिक, म्हणजे हायलँडच्या जुन्या भाषेतलं, स्पेलिंग वाचून भलताच उच्चार करू नका. इंग्रजी वळणाने इथले बरेच लोक 'स्कीअन डू' म्हणतात, पण गेलिकमधला हा 'द' आपल्या 'दगडा'तलाच दंत्य 'द' आहे. मराठी जिभेला तो फुकट मिळालेला आहे, वापरा.

'स्कीअन' म्हणजे सुरी आणि 'दू' म्हणजे काळी. काळी का, याची दोन स्पष्टीकरणं देतात. एक सरळ, मुठीचं लाकूड काळं असायचं म्हणून. दुसरं मराठी माणसाला लगेच पटेल असं: काळा म्हणजे लपवलेला, आपल्याकडे 'काळा पैसा' असतो तसा. कारण ही सुरी मुळात लपवायची होती. तिच्या आधीच्या एका सुरीला 'स्कीअन आख्लिश' म्हणत, म्हणजे काखेतली सुरी. ती बाहीत किंवा काखेजवळ दडवलेली असे. प्रतापगडच्या भेटीतला बाहीतला बिचवा ज्याने लहानपणापासून ऐकलाय, त्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको.

परंपरेने सांगतात की, हायलँडमधला माणूस पाहुणा म्हणून कुणाच्या घरी गेला की मोठी शस्त्रं दाराशी ठेवी आणि काखेतली सुरी काढून मोज्यात खोची. म्हणजे यजमानाला ती दिसावी, लपवाछपवी नको. हरणाची शिकार सोलायच्या छोट्या सुरीवरून स्कीअन दू आली, असंही काही जण मानतात. मला पाहुण्याची गोष्ट जास्त आवडते, कारण आजचा सगळा नियम तिच्यातून निघतो: मूठ दिसली पाहिजे, बाकी काही दिसता कामा नये.

डर्कची वंशावळ वेगळी आहे. मध्ययुगात 'बॉलॉक डॅगर' नावाचा एक खंजीर युरोपभर प्रचलित होता. त्याच्या मुठीच्या बुडाशी दोन गोल फुगवटे असत, आणि त्या आकारावरून नाव कशाचं पडलं हे सांगायची गरज नाही. व्हिक्टोरियन मंडळींना ते नाव तोंडातून काढवेना, म्हणून त्यांनी त्याला 'किडनी डॅगर' केलं. त्याच खंजिरातून सतराव्या शतकात हायलँड डर्क तयार झाला. लांब, एकधारी, टोकाकडे निमुळतं होत जाणारं पातं आणि एकाच लाकडात कोरलेली मूठ. लाकूडही तिथलंच: दलदलीत शतकानुशतकं बुडून काळं पडलेलं ओक, नाहीतर आयव्ही किंवा हेदरची मुळं. मुठीवर एकमेकांत गुंफलेल्या दोरांची केल्टिक नक्षी. ती दिसायला सुंदर आहे, पण ओल्या हाताची पकड सुटू नये हेही तिचंच काम. पाती पुष्कळदा मोडक्या तलवारींची कापून केलेली असत. लढताना उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातात, 'टार्ज' या गोल ढालीच्या मागे, डर्क धरत. डर्कवर हात ठेवून शपथ घ्यायचीही रीत होती.

मग हे पोशाखात आलं कसं?

'पुढे काय करायचं ते सांगा' म्हणणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पण लग्नात कुणीतरी काका शेजारी बसून "ही हजारो वर्षांची परंपरा" असं सुरू करतीलच, तेव्हा उपयोगी पडेल.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा, पराभव झाला. सरकारने हायलँडमधल्या लोकांची शस्त्रं काढून घेतलीच, शिवाय पोशाखावरही कायदा केला. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधल्या पुरुषांनी आणि मुलांनी किल्ट नेसणं गुन्हा ठरलं. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. सूट होती ती सैन्यात असणाऱ्यांना. त्यामुळे पुढची पस्तीस वर्षं, १७८२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत, किल्ट उघडपणे जगला तो ब्रिटिश लष्कराच्या हायलँड पलटणींत. आज डर्कला जो लष्करी थाट आहे, त्याचं मूळ इथे आहे. (अशाच हायलँड पलटणींपैकी ७४वी आणि ७८वी २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांविरुद्ध लढल्या. त्याबद्दल त्यांना हत्तीचं चिन्ह मिळालं.)

मोज्यातली सुरी तर त्याहूनही अलीकडची. एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीत हेन्री रेबर्नने सुमारे १८१२ मध्ये रंगवलेलं ग्लेनगॅरीच्या कर्नल मॅकडॉनेलचं चित्र आहे. ते जरूर पाहा आणि जवळ जाऊन त्याच्या उजव्या पायाकडे पाहा. कमरेला उजवीकडे डर्क आहे आणि उजव्या मोज्याच्या काठातून सुरीची मूठ डोकावते आहे. पुढे ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा सोहळा आखला आणि राजाने डर्क, तलवार, पिस्तुलांसकट हायलँड पोशाख शिवून घेतला. बिल झालं १,३५४ पौंड १८ शिलिंग. ज्या पोशाखासाठी आजोबा तुरुंगात गेले, तो नातवांच्या काळात दरबारी झाला. तेव्हा काकांना सांगा, कोरीव मुठीचा डर्क जुना, पण मोज्यातल्या सुरीचा हा रिवाज दोनशे वर्षांच्या आसपासचा.

पायरी १: आधी प्रसंग ठरवा, सुरी नंतर

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. त्याला डर्क हवा असतो, कारण तो फोटोत भारी दिसतो.

संध्याकाळच्या लग्नाला बहुतेक वेळा 'प्रिन्स चार्ली' जाकीट देतात: आखूड, काळं, आत वेस्टकोट, गळ्यात बो. वेस्टकोट घातला की कमरेला रुंद पट्टा लावत नाहीत, आणि पट्टाच नाही तर डर्क लटकवणार कशाला? या पोशाखाबरोबर फक्त स्कीअन दू. काळी मूठ, त्यावर चांदीसारखी किनार, टोकाला खडा.

दिवसाचा कार्यक्रम असेल आणि ट्वीडचं जाकीट असेल, तर चकचकीत सुरी विजोड दिसते. तिथे सांबरशिंगासारख्या, हरणाच्या शिंगाच्या मुठीची साधी सुरी घ्या.

डर्क शोभतो तो 'डब्लेट' प्रकारच्या, गळ्यापर्यंत बंद आणि वरून पट्टा बांधायच्या अंगरख्यावर. बँडमधले पायपर (बॅगपाइप वाजवणारे), ड्रम मेजर, लष्करी समारंभ, फार तर स्वतः नवरदेव. तुम्ही पाहुणे असाल तर डर्क घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या लग्नात मुंडावळ्या बांधून गेल्यासारखं होतं ते.

पायरी २: भाड्याने की विकत

एकाच दिवसाचं काम असेल तर भाड्याने घ्या. पण दुकानातून निघण्यापूर्वी सुरी हातात घेऊन ओढून बघा. भाड्याच्या संचात बऱ्याचदा पातं नसलेली नकली सुरी असते. त्यात काही वाईट नाही, उलट नाचणाऱ्यांसाठी आणि लहान मुलं असलेल्या घरासाठी तीच बरी. फक्त आपल्याकडे काय आहे हे आपल्याला माहीत असावं. नाहीतर माझ्यासारखी गत होते.

विकत घेणार असाल तर चार गोष्टी बघा. पातं साधारण तीन-चार इंचांचं आणि एकधारी असतं. पाठीला पुष्कळदा बारीक खाचांची नक्षी असते. मूठ लाकडाची आहे की लाकडासारख्या प्लास्टिकची, हे वजनावरून आणि नखाने टिचकी मारून कळतं. टोकाच्या पिवळट-तपकिरी खड्याला 'केर्नगॉर्म' म्हणतात. त्याच नावाच्या डोंगररांगेत सापडणारा तो धुरकट क्वार्ट्झ. स्वस्त सुरीत मात्र तिथे काच बसवलेली असते. खडा खरा असल्याचं सांगून जास्त पैसे मागितले तर लेखी घ्या. किनार खऱ्या चांदीची असेल तर हॉलमार्क असतो; एडिंबरोच्या 'असे ऑफिस'चा, म्हणजे चांदी तपासणाऱ्या कचेरीचा, शिक्का म्हणजे तीन बुरुजांचा किल्ला. भिंगाखाली कुठलाच हॉलमार्क दिसला नाही तर ती 'चांदीसारखी' आहे असं समजा. बाजारातला पुष्कळसा स्वस्त हायलँड माल सियालकोटहून येतो. तो टाकाऊ नसतो, पण त्याची किंमत एडिंबरोच्या कारागिराची असू नये. एक आणखी, अठरा वर्षांखालच्यांना दुकानदार विकत नाही, ओळखपत्र जवळ ठेवा.

जुन्या डर्कच्या म्यानावर दोन छोटे कप्पे दिसले तर चकित होऊ नका. त्यात एक लहान सुरी आणि एक काटा असतो. अठराव्या शतकापासून खंजिराबरोबर जेवणाची सोयही म्यानातच करायला लागले. पुढे व्हिक्टोरियन काळात मूठ काटेरी 'थिसल'च्या फुलाच्या आकाराची झाली आणि वर मोठा खडा तिरका बसला. दिसायला झकास. पण साध्या, गोल सपाट माथ्याच्या जुन्या मुठीपुढे मला तो खडा नेहमी जरा जास्तच वाटतो.

पायरी ३: चढवायचा क्रम

साडीसारखंच आहे, क्रम चुकला की सगळं सोडून पुन्हा.

आधी शर्ट. मग मोजे आणि बूट, कारण किल्ट नेसल्यावर खाली वाकून नाड्या बांधणं हा तमाशा होतो. मोजे जाड लोकरीचे असतात. ते पूर्ण वर ओढा, वरचा भाग दुमडा आणि ती घडी गुडघ्याच्या वाटीखाली तीन-चार बोटांवर आणा. घडीच्या आत, पायाभोवती 'फ्लॅश'चं इलॅस्टिक बसवा. फ्लॅश म्हणजे घडीखालून डोकावणाऱ्या रंगीत फिती. त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला आल्या पाहिजेत. 'गिली ब्रोग' बुटांच्या लांब नाड्या दोन-तीनदा पिळून घोट्याभोवती घेऊन बांधतात. पोटरीपर्यंत गुंडाळत नेल्या तर रक्त अडतं आणि दिसायलाही ते बरं नाही.

आता किल्ट. निऱ्या मागे, सपाट पदर पुढे, वरचा पदर उजव्या बाजूला संपतो. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर. पिन लावायची ती उजवीकडे खालच्या कोपऱ्यात आणि फक्त वरच्या पदराला. दोन्ही पदर एकत्र टोचले तर पहिल्याच पायरीवर कापड फाटतं. मग पुढे 'स्पोरन', म्हणजे ती चामड्याची पिशवी. मग वेस्टकोट, जाकीट. सुरी सगळ्यात शेवटी.

पायरी ४: स्कीअन दू खोचणं

तुमचा जो हात चालता, त्याच बाजूचा मोजा. उजखोऱ्याने उजव्या, डावखुऱ्याने डाव्या. याचं कारण लढाईचं नाही, नुसतं सोयीचं आहे.

खुर्चीवर बसा, पाय थोडा पुढे घ्या. मोज्याची घडी उलगडा. सुरी म्यानासकट मोज्याच्या आत, पायाच्या बाहेरच्या बाजूला, किंचित पुढे सरकवा. नडगीच्या हाडावर आणू नका, तासाभरात ठणकू लागतं. मोज्यावरून जाणारं फ्लॅशचं इलॅस्टिक म्यानाच्या वरच्या भागावर आलं पाहिजे. सगळी पकड त्याच इलॅस्टिकची. मी पहिल्यांदा सुरी नुसती दुमडलेल्या घडीत सरकवली होती. इलॅस्टिकचा तिच्याशी संबंधच नव्हता, म्हणून ती उडाली. आता घडी परत दुमडा. मुठीचा वरचा भाग आणि खडा दिसला, म्यानाची किनार दिसली नाही, म्हणजे झालं. नक्षीची बाजू बाहेर, पायाला टेकणारी बाजू सपाट.

उभे राहा, दोनदा गुडघा वर उचला, एक उडी मारा. सुरी वर सरकली तर इलॅस्टिक घट्ट करा.

पायरी ५: डर्क लावायचाच असेल तर

रुंद चामडी पट्टा लागतो, साधारण सव्वादोन इंची, मोठ्या बकलाचा. त्यात 'फ्रॉग' नावाची चामड्याची अडकवणी ओवायची आणि तिला म्यान लटकवायचं. जागा उजव्या कमरेला. डावी बाजू तलवारीची आणि पायपरच्या बाबतीत डाव्या काखेत पाइप्सची पिशवी असते, म्हणून उजवीच मोकळी. म्यान स्पोरनवर आपटत असेल तर फ्रॉग थोडा मागे सरकवा. बसताना आधी हाताने डर्क मांडीच्या बाहेर करा. न करता बसलात तर मूठ थेट बरगडीत. हे एकदाच होतं, मग हात आपोआप जातो.

कार्यक्रमात सुरी काढायची का?

साधारणपणे नाही. अपवाद एक, आणि तो मजेचा आहे. २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवशी 'बर्न्स सपर' होतं. पाइपच्या सुरात हॅगिस, म्हणजे पिशवीत भरून शिजवलेलं मेंढीचं मांस आणि ओट्स, ताटात घालून आणतात आणि एक जण त्याला उद्देशून बर्न्सची कविता म्हणतो. मध्येच सुरी पुसल्याचा अभिनय करून तो हॅगिसचं पोट चरचरून फाडतो. हा मान तुम्हाला मिळाला तर आचाऱ्याला आधीच सांगून हॅगिसला एक बारीक छेद देऊन घ्या. आत कोंडलेली वाफ असते. नाहीतर गरम ओट्स आणि मटणाचं सारण पुढच्या रांगेवर उडतं. पातं आधी गरम पाण्याने धुवून घ्या आणि नंतर लगेच पुसा. ओलं पातं म्यानात घालणं हा गुन्हाच.

पायरी ६: कायदा, विमान आणि घरी परत

स्कॉटलंडमध्ये १९९५ च्या फौजदारी कायद्याच्या ४९ व्या कलमाने सार्वजनिक जागी धारदार वस्तू बाळगणं गुन्हा आहे. त्यातून सुटायला जी कारणं दिली आहेत, त्यात काम, धर्म आणि राष्ट्रीय पोशाख ही तीन येतात. शिखांचं कृपाण दुसऱ्या कारणात बसतं, किल्टमधली स्कीअन दू तिसऱ्यात. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. पण नीट वाचा, 'पोशाखाचा भाग म्हणून'. लग्नाहून येऊन किल्ट उतरवलात, जीन्स चढवलीत आणि सुरी खिशात टाकून पबमध्ये गेलात, तर पोशाखाची ढाल गेली. सभागृह किंवा विद्यापीठ स्वतःचा वेगळा नियम लावू शकतं, तेव्हा पदवीदानाआधी एक ईमेल करा.

विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. मोज्यात तर नाहीच. चेक-इन सामानात, म्यानात घालून, कापडात गुंडाळून ठेवा. भारतात आणताना पात्याची लांबी मोजा. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे खंजीर शस्त्रांच्या यादीत येतात. स्कीअन दू त्या मापात खूपच लहान, पण खऱ्या डर्कचं पातं बारा इंचांच्या घरात सहज जातं. घेण्यापूर्वीच कस्टम्स आणि परवान्याची चौकशी करा, विमानतळावर उतरून नव्हे.

सांभाळ

पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याचं म्यान हे बुरशीचं माहेर. सुरी कायम म्यानात ठेवू नका. चामड्यातल्या ओलाव्याने आणि रसायनांनी पातं गंजतं. पातं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, सुती कापडात गुंडाळा आणि म्यान वेगळं, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. खोबरेल तेल नको, ते कालांतराने खवट आणि चिकट होतं. लाकडी मुठीला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा थेंब पुरतो. आमच्या घरी खंडेनवमीला ती कोयता, विळी आणि स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी पाटावर असते. आई तिला हळद-कुंकू वाहते, मी ते त्याच संध्याकाळी पुसतो, कारण कुंकवाने किनार काळी पडते.

माझी ती सुरी भेट मिळालेली आहे. त्याच लग्नातल्या नवरदेवाने, प्लास्टिकचा प्रकार ऐकून, पुढच्या वाढदिवसाला खरी आणून दिली आणि लगेच हात पुढे केला. इथे सुरी फुकट देत नाहीत, मैत्री तुटते म्हणतात. घेणाऱ्याने एक नाणं द्यायचं. माझ्या पाकिटात पेनी नव्हती, तळाशी दोन रुपयांचं नाणं सापडलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि स्पोरनमध्ये टाकलं.